कोयत्याला विमा का नाही?

(द्वितीय वर्ष कला वर्गातील एका विद्यार्थिनीकडून)

'आरोग्य हीच खरी धनसंपदा' हे वचन आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेच्या भिंतीवर वाचलेले आहे. वचन खरे आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु संपत्ती म्हटली की माणूस ती राखण्याची तजवीज करतो. दागिना बँकेत ठेवतो, पिकाचा पीकविमा उतरवतो, जनावराचाही विमा उतरवता येतो. कारखान्याच्या गोदामातील साखरेच्या पोत्यांना विमा असतो. ऊस वाहणारा ट्रॅक्टर विम्याच्या कागदाशिवाय रस्त्यावर आणणे हा तर कायद्याने गुन्हा आहे. मग हाच ऊस ज्या हातांनी तोडला जातो, त्या हातांच्या आजारपणाची तजवीज कोणी केली आहे? उसाच्या फडापासून साखरेच्या पोत्यापर्यंतच्या या लांबलचक साखळीत तोडणाऱ्या माणसाचे शरीर तेवढे उघड्यावर का राहिले? या लेखात मला एवढाच प्रश्न वाचकांपुढे मांडायचा आहे.

हा प्रश्न मी निव्वळ पुस्तकी कुतूहलातून विचारीत नाही. आपला पाथर्डी तालुका अवर्षणप्रवण. डोंगरपट्ट्यातील जमिनीवर बाजरी आणि कापूस पिकला तर पिकला, नाही तर नाही. मोहट्याच्या देवीचे नवरात्र उठले, दसरा पार पडला, की गावोगावच्या रस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर उभे राहतात. पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, दोन गोधड्या, शेळी आणि लहान मूल असा संसार भरला जातो आणि माणसे कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर आणि थेट कर्नाटकापर्यंत जातात. गावात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे उरतात. माझे आई-वडील गेली वीस वर्षे असे जात आहेत. मी आजीजवळ राहून शिकले आणि आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. आपल्या वर्गांतून हजेरी घेताना माझ्यासारख्या किती जणी आणि किती जण निघतील, हे आपण सारे जाणतोच.

ज्यांना हा व्यवसाय ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. नवरा आणि बायको मिळून एक 'कोयता' होतो. हंगामाआधी मुकादम या जोडीला एकरकमी पैसे देतो, त्याला 'उचल' म्हणतात. ही उचल पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडून फेडायची. एखाद्या दिवशी दोघांपैकी एक जण कामावर गेला नाही तर तो 'खाडा'. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, शिवाय दंड उचलीच्या खात्यावर चढतो. आमच्या टोळीत एका खाड्याला पाचशे रुपये धरतात. म्हणजे साधा तापही या धंद्यात तीन बाजूंनी मारतो. औषधाचे पैसे जातात, मजुरी जाते आणि कर्ज वाढते. शिवाय एकटा माणूस तोडणी करून मोळ्या बांधून गाडी भरू शकत नाही, म्हणून एक आजारी पडला की अर्धा नव्हे, अख्खा कोयता बंद पडतो.

आजारपणाचा बोजा एकट्यादुकट्यावर न टाकता तो सर्वांनी थोडा थोडा वाटून घ्यावा, ही विम्यामागची कल्पना. जर्मनीने १८८३ साली कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. आपल्याकडे १९४३ साली प्रा. बी. पी. आदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविण्यात आले आणि १९४४ साली त्यांनी अहवाल दिला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे १९४८ साली राज्य कामगार विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली.

या योजनेचे मर्म औषधपाण्यापुरते नाही. कामगार आजारी पडला तर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम त्याला घरबसल्या मिळते. बाळंतपणासाठी स्त्री कामगाराला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. गरिबाच्या आजारात औषधाइतकीच बुडालेली मजुरी महत्त्वाची असते, हे ओळखूनच ही योजना रचली गेली. यासाठी २०१९ पासून कामगाराच्या पगारातून शेकडा पाऊण रुपया आणि मालकाकडून शेकडा सव्वातीन रुपये घेतले जातात.

असा हा चांगला कायदा. परंतु त्यात एक अपवाद आहे. 'हंगामी कारखान्यांना' तो लागू नाही, आणि हंगामी कारखाने कोणते याची जी यादी कायद्यातच दिली आहे, तीत सरकी काढणे, शेंगा फोडणे, कॉफी, नीळ, लाख, रबर, चहा यांच्या बरोबरीने साखर आणि गूळ यांचीही नावे आहेत. आपल्याच जिल्ह्यात, प्रवरानगरला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे धुराडे १९५०-५१ च्या हंगामात पेटले होते. पुढे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील सर्वांत मोठा उद्योग साखरेचाच झाला. आणि कामगारांच्या आरोग्यविम्याने नेमके त्याच उद्योगाला दाराबाहेर ठेवले!

त्या काळी याला काही कारण असेलही. जो माणूस वर्षातून सहाच महिने काम करतो, त्याचा हप्ता कसा कापायचा, नोंद कोणी ठेवायची, ही अडचण १९४८ साली खरीच म्हणावी लागेल. परंतु आज प्रत्येक मजुराचे आधार आहे, बँकेत खाते आहे, कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडीचे वजन संगणकात चढते. असे असूनही २०२० साली संसदेने जी नवी सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर केली, तिनेही राज्य कामगार विम्याच्या बाबतीत हंगामी कारखान्यांचा अपवाद तसाच ठेवला. म्हणजे बहात्तर वर्षांत अडचण सरली, अपवाद मात्र सरला नाही.

अन् समजा, हा अपवाद उद्या काढला, तरी आमच्या माणसांचे भागणार नाही. कारण ऊसतोड कामगार कारखान्याच्या हजेरीपटावर नसतोच. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी आणि मुकादमाचा कोयत्याशी. कारखान्याला विचारावे तर तो मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादमाला विचारावे तर तो म्हणतो, 'मीही तुमच्यासारखाच, मी कुठला मालक?' ज्याला मालकच नाही त्याचा मालकाच्या वाट्याचा हप्ता कोण भरणार? असे हे दुहेरी कुंपण आहे.

येथे कोणी म्हणेल की, अगं, शासनाने गोरगरिबांसाठी मोठी योजना आणली आहे, तिचे काय? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ च्या नोव्हेंबरात राज्यभर गेली आणि २०१७ पासून तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, २०२० साली दोन्ही एकत्र राबविल्या जाऊ लागल्या. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाकाठी दीड लाखाचे संरक्षण होते. ते पाच लाखांवर नेण्याचा आणि योजना राज्यातील सर्वच कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. या योजनेने हृदयाच्या शस्त्रक्रिया, कर्करोगाचे उपचार, मूत्रपिंडाचे विकार यांत असंख्य घरे वाचवली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. आमच्याच गल्लीतील एका आजोबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया या योजनेत एक पैसा न घेता झाली.

परंतु ऊसतोड कामगाराच्या जीवनावर ही योजना ठेवून पाहिली की तीन जागी ती तोकडी पडते.

पहिली गोष्ट अशी की, ही योजना रुग्णालयातील खाटेची आहे. खाटेवर दाखल झाल्याशिवाय तिचा उपयोग नाही. कोपीत राहणाऱ्याला होणारे आजार कोणते? थंडी-ताप, जुलाब, कंबरदुखी, कोयत्याचा वार लागून झालेली जखम, उसाच्या कुसळाने उठलेली खाज, आणि बायकांचे सांगता न येणारे दुखणे. यांना तपासणी आणि गोळ्या लागतात, खाट लागत नाही. तो खर्च खिशातूनच करावा लागतो. देशाचा आरोग्यावरचा जो एकूण खर्च होतो, त्यातील ३९.४ टक्के लोक स्वतःच्या खिशातून करतात, असे २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत म्हटले आहे. २०१३-१४ साली हे प्रमाण ६४.२ टक्के होते. म्हणजे सुधारणा झाली आहे, हे खरे. परंतु उरलेल्या खर्चात गोळ्या-औषधे आणि तपासण्या यांचाच भरणा मोठा आहे, आणि योजनेचा हात तेथवर पोचत नाही.

दुसरी गोष्ट मजुरीची. योजना रुग्णालयाचे बिल देते, खाडा देत नाही. शस्त्रक्रिया फुकट झाली तरी पुढचा महिनाभर घरी पडून राहिल्याचे पैसे कोठून आणायचे?

तिसरी गोष्ट जागेची. योजनेतील रुग्णालये ठरावीक आहेत आणि ती बहुधा शहरांत आहेत. आज या फडावर तर पंधरा दिवसांनी त्या फडावर, अशी आमच्या लोकांची फिरती. कोणते रुग्णालय योजनेत आहे, तेथे कोणाला भेटायचे, हे परक्या मुलखात कोण सांगणार? शिधापत्रिका अनेकदा गावी पेटीत राहिलेली. गाड्यांची ये-जा पहाटे तीनला सुरू होते आणि रात्री अकरालाही संपत नाही. दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागाच्या वेळा आणि फडाच्या वेळा यांचे कधीच जुळत नाही.

आता मी माझ्या आईविषयी लिहिते. लिहिताना संकोच वाटतो, परंतु या विषयावर बायकांनी संकोच केला म्हणूनच तो इतकी वर्षे झाकून राहिला. आई सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली आणि त्याच वर्षी कोयत्याला लागली. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे, फडात आडोसा नाही, पाण्याची सोय नाही, पाळीच्या दिवसांत धुवायला-बदलायला जागा नाही. तिला अंगावरून जाऊ लागले, ओटीपोटात दुखू लागले. दोन हंगाम तिने अंगावर काढले. सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळाल्या, पुन्हा पंधरा दिवसांनी या असे सांगितले. पंधरा दिवसांनी ती दोनशे कोसांवर होती. शेवटी गावाकडे परतल्यावर एका खासगी दवाखान्यात दाखवले. तेथे सोनोग्राफी झाली आणि पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला. आईचे वय तेव्हा तेहेतीस. पस्तीस हजार रुपये खर्च आला आणि तो मुकादमाने पुढच्या हंगामाच्या उचलीत धरला.

मी तिला विचारले, "आई, दुसऱ्या डॉक्टरांना तरी दाखवायचं होतं. एवढी घाई कशाला केली?" ती म्हणाली, "बाई, दर महिन्याला तीन-चार खाडे कोण भरणार? पिशवीच नसली म्हंजी खाडा नाही अन् कटकट नाही." तिने हे इतक्या सहजपणे सांगितले की मला पुढे बोलता आले नाही. आता तिची कंबर कायम धरलेली असते, अंगाची आग होते, झोप लागत नाही. तरीही ती जातेच आहे.

माझी आई एकटी असती तर हे आमच्या घरचे दुःख म्हणून मी घरातच ठेवले असते. परंतु आपल्या तालुक्याची शीव ओलांडली की बीड जिल्हा लागतो. २०१९ च्या जूनमध्ये विधिमंडळात आरोग्यमंत्र्यांनी सांगितले की, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत खासगी रुग्णालयांतून ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेली. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींत एक. पाथर्डी आणि बीड यांच्यामध्ये सरकारी हद्द आहे, परंतु माणसे तीच, उचल तीच आणि फडही तेच.

या आकड्यांवर त्या वेळी पुष्कळ चर्चा झाली. कोणी डॉक्टरांना दोष दिला, कोणी मुकादमांना, कोणी बायकांच्या अडाणीपणाला. डॉक्टरांची जबाबदारी मी कमी लेखत नाही. त्यानंतर बीड जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले, तेही योग्यच झाले. परंतु माझ्या आईला मी अडाणी म्हणू शकत नाही. तिने हिशेब केला होता आणि तिच्यापुरता तो हिशेब बरोबर होता. विमा म्हणजे तरी काय? पुढे होणारे मोठे नुकसान टाळण्यासाठी आज भरलेला हप्ता. आईला कोणत्याही कंपनीने आणि कोणत्याही सरकारने खाड्याविरुद्ध विमा दिला नाही, म्हणून तिने स्वतःच्या शरीराचा एक अवयव हप्ता म्हणून भरला. आरोग्यविम्यातील त्रुटी म्हणजे केवळ कागदावरची रिकामी जागा नव्हे. ती जागा कोणीतरी भरतेच, आणि आमच्याकडे ती बायकांनी आपल्या देहाने भरली.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नुसता विमा आणून हे थांबणार नाही. तो कशासाठी पैसे देतो, यावर सारे अवलंबून आहे. २००८ साली केंद्राने राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आणली होती. तिच्यात कुटुंबाला तीस हजारांपर्यंत रुग्णालयाचा खर्च मिळे. २०१२ च्या सुमारास छत्तीसगड आणि बिहार येथे विम्याचे पैसे मिळवण्यासाठी गरज नसताना गर्भाशये काढल्याच्या तक्रारी उघडकीस आल्या. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२३ साली न्यायालयाने अशा शस्त्रक्रियांवर देखरेख ठेवण्याविषयी सर्व राज्यांना आदेश दिले. जो विमा गोळीचे पैसे देत नाही, विश्रांतीचे देत नाही आणि फक्त शस्त्रक्रियेचे देतो, तो माणसाला शस्त्रक्रियेकडेच ढकलणार, हे उघड आहे.

या त्रुटीचे परिणाम एका शरीरावर थांबत नाहीत, ते घराघरांत झिरपतात. आजारपणाची उचल फिटली नाही की पुढच्या हंगामाला मुलाची शाळा सुटते आणि तो आईच्या जागी मोळ्या बांधू लागतो. आई थकली की कोयता मोडतो. मग मोडलेला कोयता जोडण्यासाठी सोळा-सतरा वर्षांच्या पोराचे लग्न पंधरा वर्षांच्या पोरीशी लावले जाते. बालविवाहावर आपण व्याख्याने ऐकतो, निबंध लिहितो. परंतु या बालविवाहामागे कधी कधी आईचे आजारपण उभे असते, हे त्या निबंधांत येत नाही. दहावीला माझ्याबरोबर असलेल्या दोघी मैत्रिणी आज कोयत्यावर आहेत. त्यांच्यापैकी एकीला मी माझ्यापेक्षा हुशार मानत होते.

आता उपायांकडे वळू. ऊसतोड कामगारांच्या चळवळीला आपल्या भागात मोठी परंपरा आहे. आपल्याच पाथर्डीचे बबनराव ढाकणे यांनी या प्रश्नावर आवाज उठवला, गोपीनाथराव मुंडे यांनी तो राज्यभर नेला. संप झाले, लवाद झाले, दर वाढले. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाला २७३ रुपयांचे ३६६ रुपये झाले. ही वाढ कष्टाची आणि हक्काची आहे. परंतु प्रत्येक वेळी बोलणी दरावरच येऊन थांबतात. दर हा काम करणाऱ्या हाताला मिळतो, आजारी हाताला नव्हे. टनाला पाचशे रुपये केले तरी तापाने फणफणलेला माणूस शून्य टन तोडणार आणि त्याला शून्य रुपये मिळणार.

अर्थशास्त्र हा माझा दुय्यम विषय आहे, त्यामुळे मी एक लहानसा हिशेब मांडून पाहिला. राज्य कामगार विम्याचा मालकाचा हप्ता शेकडा सव्वातीन रुपये. ३६६ रुपयांवर तो होतो सुमारे १२ रुपये. कामगाराचा पाऊण टक्का होतो पावणेतीन रुपये. दोन्ही मिळून टनामागे पंधरा रुपयेसुद्धा नाहीत. २०२४-२५ च्या हंगामासाठी उसाचा रास्त आणि किफायतशीर दर सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये ठरला होता. त्या ३,४०० रुपयांच्या उसामागे १५ रुपये बाजूला काढणे अशक्य आहे, असे कोणी म्हणू शकेल काय?

ही कल्पना अगदीच नवी आहे असेही नाही. शासनाने लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन केले आणि कारखान्यांनी टनामागे १० रुपये, व तेवढेच शासनाने, त्यासाठी द्यावेत असे ठरले. २०२१-२२ च्या हंगामात महाराष्ट्रात १३ कोटी टनांहून अधिक ऊस गाळला गेला. टनामागे १० रुपये म्हणजे एका हंगामाचे १३० कोटी, आणि शासनाचा वाटा धरला तर २६० कोटी. एवढ्या पैशातून आजारपणाच्या विम्याची सुरुवात निश्चित करता येईल. प्रश्न पैशाचा कमी आणि तो कशावर खर्च करायचा याचा अधिक आहे.

'मालकच नाही तर विमा कसा?' या अडचणीचे उत्तरही महाराष्ट्राने पूर्वीच शोधलेले आहे. मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारांत ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांनाही एक मालक नव्हता. आज या व्यापाऱ्याची पोती, उद्या त्या व्यापाऱ्याची. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली ते संघटित झाले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्या कायद्याने मंडळे नेमली. कामगाराची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधीपासून औषधोपचारापर्यंतच्या सोयी. मालक बदलला तरी कामगाराचे संरक्षण बदलत नाही. पोत्याच्या ओझ्याला जे जमले ते मोळीच्या ओझ्याला का जमू नये?

म्हणून माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी व्हाव्यात. पहिली, ऊसतोड कामगाराची नोंद मुकादमाच्या वहीत न राहता महामंडळाकडे व्हावी आणि त्यात स्त्रीचे नाव स्वतंत्र असावे. आज कोयता एक, नाव नवऱ्याचे आणि पैसेही त्याच्याच हाती, असा प्रकार आहे. दुसरी, आजारपणाच्या दिवसांचे पैसे मिळावेत. ९१ दिवस नाहीत तर निदान हंगामात पंधरा दिवस तरी, आणि त्या दिवसांचा खाडा धरण्यास कायद्याने बंदी असावी. तिसरी, गाळप चालू असताना प्रत्येक कारखान्याच्या तळावर ठरावीक दिवशी, संध्याकाळच्या वेळी, स्त्री डॉक्टरसह फिरता दवाखाना यावा, आणि तेथल्या गोळ्या व तपासण्यांचा खर्च विम्यातून व्हावा. चौथी, गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला विनामूल्य मिळावा.

हे शासनाचे आणि कारखानदारांचे काम झाले. आपण विद्यार्थ्यांनी काय करावे? निबंध लिहून थांबावे असे मला वाटत नाही. दरवर्षी राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर होते, आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. यंदा दसऱ्याआधीच्या पंधरवड्यात पाच-दहा गावे वाटून घेऊन प्रत्येक कोयत्याचे आयुष्मान कार्ड निघाले आहे की नाही हे पाहिले, आणि ज्या तालुक्यांत आपली माणसे जाणार तेथील योजनेतील रुग्णालयांची नावे मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून त्यांच्या पेटीत ठेवली, तर त्याला पैसा लागणार नाही. हंगाम संपून पट्टा पडला आणि माणसे परतली, की कोणाला किती खाडे पडले, कोणत्या दुखण्याने पडले आणि त्याचे किती पैसे धरले गेले, याची वही आपण करू शकतो. अशी वही आज कोणाकडेच नसल्याने फडातील आजार मोजलेच जात नाहीत, आणि जे मोजले जात नाही त्याचा विमा कोणी उतरवत नाही. हे काम करण्यास आपल्याइतके योग्य कोण आहे? ती आपलीच घरे आहेत, आपल्याशी ती माणसे मोकळेपणाने बोलतील.

माझ्या वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळ जण उद्या शिक्षक होतील, तलाठी होतील, पोलीस होतील. आपल्याला पगार मिळेल, आजारपणाची रजा मिळेल, औषधोपचाराचा परतावाही मिळेल. त्या वेळी आपण आपल्या घराण्यातील पहिले विमाधारी असू. ही संरक्षणे मिळवताना आपल्या शिक्षणाचा खर्च कोणी आणि कशाच्या बदल्यात भरला, याची जाणीव आपण ठेवली, तर कोयत्याला विमा मागणे ही आपल्याला दया वाटणार नाही. ते थकलेले देणे आहे, आणि ते मागण्याचे काम आता शिकलेल्या पिढीचे आहे.